शिट्टीच्या गाण्याची कॅसेट

परळची जुनी चाळ पाडून तिथे नवी इमारत उभी राहिली आणि भिवा तांब्यांना अठराव्या मजल्यावर घर मिळालं. गृहप्रवेशाला बुद्धवंदना झाली, सगळे नातेवाईक येऊन गेले, पण त्यांच्या मुलीच्या, रश्मीच्या, कॉलेजातल्या दोन जिवलगांना तेव्हा जमलं नव्हतं. म्हणून पुढच्या रविवारी सकाळी अनुजा आणि तिचा नवरा हितेंद्र लालबागहून चालतच आले. अनुजानं येताना वड्यांचं पीठ मळून आणलं होतं. रश्मी शीवहून आधीच येऊन मटणाला लागली होती.

तिघांनीही पन्नाशी गाठली होती. रश्मी विमा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, अनुजा पालिकेच्या शाळेत मुख्याध्यापिका, हितेंद्रचं चष्म्याचं दुकान. पण एकत्र आले की दहा मिनिटांत तिघं कॉलेजात जाऊन पोचत. त्या दिवशीही तसंच झालं. अनुजा वडे थापता थापता गुणगुणायला लागली आणि विषय गाण्यांवर आला.

त्यांच्या कॉलेजच्या तीन वर्षांत गाणी विकत घ्यायची गरजच नव्हती. सकाळी कॉलेजला निघालं की एका पानाच्या गादीवर गाणं सुरू व्हायचं, पुढच्या इराण्याच्या हॉटेलापर्यंत पहिलं कडवं संपायचं आणि कॉलेजच्या फाटकाशी कुणाच्या तरी ट्रान्झिस्टरवर तेच गाणं परत लागलेलं असायचं. तरीही रश्मी आणि अनुजानं एक कॅसेट भरून घेतली होती. दादरच्या एका दुकानात आपल्या आवडीच्या गाण्यांची यादी दिली की कोऱ्या कॅसेटवर ती भरून मिळत. बारा गाणी निवडायला दोघींना अर्थशास्त्राचे आठ तास लागले होते. पहिलं गाणं कुठलं, यावर मात्र वाद झाला नाही. ते शिट्टीनं सुरू व्हायचं, म्हणून सगळं कॉलेज त्याला शिट्टीचं गाणंच म्हणायचं.

कॅसेट एक आठवडा हिच्याकडे, एक आठवडा तिच्याकडे, असं ठरलं. दोन महिने सुखात गेले आणि एका रविवारी कॅसेट नाहीशी झाली. रश्मीनं सांगितलं, मी तुझ्या पिशवीत ठेवली होती, तूच हरवलीस. अनुजानं सांगितलं, माझ्याकडे आलीच नाही. शब्दानं शब्द वाढला आणि दोघींचं बोलणं बंद झालं. तेव्हा वर्गातला हितेंद्र मध्ये पडला. हिचा निरोप तिला, तिचा हिला. महिनाभरानं रश्मीचे निरोप संपले, तरी तो अनुजाकडे जातच राहिला. पुढे मैत्रिणींचं जुळलं, हितेंद्र-अनुजाचं लग्नही झालं. पण कॅसेट कुणी हरवली हे काही ठरलं नाही. तीस वर्षं दोघी एकमेकींना त्यावरून टोमणे मारत होत्या.

वडे तळून झाले तसे तिघं बाहेरच्या खोलीत बसले. भिवाकाका खिडकीजवळच्या खुर्चीत पेपर तोंडावर घेऊन पडले होते. वय पंच्याऐंशीच्या पुढे. गिरणीत असताना 'तांबे आणि पार्टी' या नावानं त्यांची गायन पार्टी होती. सिनेमातल्या गाजलेल्या चालींवर ते स्वतःचे शब्द बसवायचे, बाबासाहेबांवर, शिक्षणावर, आणि वस्तीवस्तीतून गायचे. घरात मात्र त्यांचा वेगळाच नियम होता. परीक्षा होईपर्यंत रश्मीनं सिनेमाची गाणी ऐकायची नाहीत.

हितेंद्रनं शिट्टी वाजवली. वय झालं होतं, थोडी हवाच जास्त निघाली, पण सूर बरोबर लागला. अनुजानं मुखडा उचलला, रश्मीनं पहिलं कडवं म्हटलं. दुसऱ्या कडव्याला तिघंही अडखळले. शब्द कुणालाच आठवेनात. हितेंद्रनं मोबाइल काढला तसा रश्मीनं तो हिसकावून उशीखाली घातला. शोधायचं नाही, आठवायचं, असं तिनं बजावलं.

तेवढ्यात खिडकीजवळून आवाज आला. काकांनी पेपर खाली घेतला होता. डोळे मिटलेले, हात खुर्चीच्या दांडीवर ठेका धरत होता.

"भोंग्याआधी उठून दिवा लावते लेक माझी,
भीमाच्या वाटेनं कॉलेजला जाते लेक माझी."

चाल दुसऱ्या कडव्याचीच होती. मधली नाजूक हरकतसुद्धा त्यांनी सोडली नव्हती. रश्मीनं वडिलांची सगळी गाणी ऐकली होती, हे तिनं कधीच ऐकलं नव्हतं. तिनं विचारलं, ही चाल तुम्हाला कुठून ठाऊक? काका म्हणाले, गाजलेलं गाणं होतं, पडलं असेल कानावर.

अनुजा शिक्षिका होती. समोरचा थापा मारतोय हे तिला लगेच कळायचं. ती त्यांच्या खुर्चीशेजारी जाऊन बसली.

"काका, कॅसेट तुम्ही घेतली होती?"

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"घेतली होती," ते म्हणाले.

मग सगळं बाहेर आलं. रश्मी दार लावून हळू आवाजात टेप ऐकायची, ते त्यांना पलीकडे ऐकू यायचं. चाल त्यांच्या डोक्यात बसली होती, पण लेकीला बंदी घालून तिच्याचकडे कॅसेट मागायची कशी? म्हणून एका रविवारी त्यांनी ती गुपचूप उचलली आणि ढोलकीवाल्या राजारामच्या घरी नेली. पार्टीनं ती मागेपुढे करून इतक्या वेळा ऐकली की संध्याकाळपर्यंत फीत गुंतून तुटली. घरी येतात तर रश्मी रडत होती. त्यांची जीभ रेटली नाही. त्यानंतर त्या चालीवर बांधलेलं आपलं गाणं त्यांनी रे रोडला म्हटलं, शीवला म्हटलं, पार भांडुपपर्यंत म्हटलं. फक्त आपल्या चाळीत कधी म्हटलं नाही. पोरगी चाल ओळखेल म्हणून.

हितेंद्र हसता हसता सोफ्यावरून खाली सरकला. रश्मी अनुजाकडे वळली आणि म्हणाली, चुकलं गं माझं. अनुजानं ते शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं, नीट ऐकू आलं नाही, पुन्हा म्हण. रश्मीनं तीन वेळा म्हटलं तेव्हा कुठे तिचं समाधान झालं. काकांना आता धीर आला होता. कॅसेट हरवली नसती तर हितेंद्र निरोप घेऊन गेलाच नसता, म्हणजे हे लग्न आपणच जमवलं, असं त्यांनी जाहीर केलं. हितेंद्रनं उठून त्यांना वाकून नमस्कार केला.

रश्मी मात्र त्या दोन ओळींपाशीच थांबली होती. तिनं विचारलं, "ती लेक म्हणजे मीच ना, बाबा?"

"मग काय? चाळीतल्या आपल्या मजल्यावरून कॉलेजात गेलेली पहिली मुलगी तू. सगळ्या वस्त्यांमध्ये सांगत फिरलो. तुझ्यासमोर तेवढं जमलं नाही."

रश्मीनं उठून जेवणाची ताटं घेतली. तिनं त्यांच्या ताटात वडे वाढले, नको म्हणाले तरी आणखी दोन वाढले. जेवण झाल्यावर तिनं वही आणली आणि सबंध गाणं त्यांच्याकडून उतरवून घेतलं. एक कडवं ते विसरले होते. राजारामला फोन लावून ते मिळवलं.

एप्रिलमध्ये जयंतीला इमारतीच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये कार्यक्रम झाला. भिवाकाका खुर्चीत बसून गायले, मागे कोरसला रश्मी आणि अनुजा होत्या, शिट्टी हितेंद्रची. मुखडा सुरू झाला तशी मागच्या रांगेत खसखस पिकली. तिथे पन्नाशीच्या बायका बसल्या होत्या. त्यांनी चाल ओळखली होती. दुसऱ्या कडव्यापर्यंत त्या गप्प राहिल्या, मग त्यांना राहवेना. त्यांनी सिनेमातले मूळ शब्द म्हणायला सुरुवात केली, आणि गंमत म्हणजे त्यांना ते सगळे पाठ होते. रश्मीनं घाबरून वडिलांकडे पाहिलं. काकांनी नुसता हात वर केला, ठेका वाढवला आणि आपले शब्द आणखी मोठ्यानं म्हणायला लागले.