हिवरखेडच्या सुना

१९५७ साल. वऱ्हाड नुकताच मुंबई राज्यात गेला होता आणि दुसरी सार्वत्रिक निवडणूक आली होती. विमल आणि मी अमरावतीच्या कॉलेजातून एकाच वर्षी बाहेर पडलो. मी घरी बसले; विमल विरोधी पक्षाच्या युवक शाखेची चिटणीस झाली. तरुण मतदारांना केंद्रापर्यंत आणायचं, हे तिचं काम. पक्षाचे उमेदवार गोपाळकृष्ण वकील. हिवरखेडच्या सुना मतदानाला उतरवल्या तर अकोला नगरपालिकेचं तिकीट तुझं, असा त्यांनी तिला शब्द दिला होता. ते तिकीट तिला फार हवं होतं. त्यासाठी तिने चांगली स्थळं परतवली होती.

आधीच्या निवडणुकीत या सुना मत न देताच घरी गेल्या होत्या. गावात एकेका नावाच्या तिघीचौघी, मनकर्णाही तशाच. समोरची कोणाची, हे ठरवायला अधिकारी नवऱ्याचं नाव विचारायचा आणि सुना तोंड उघडत नसत. चारचौघांत नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, ही रीत.

विमल म्हणाली, लग्नात मात्र या सगळ्या नाव घेतातच की. म्हणून आम्ही दोघी हिवरखेडला जाऊन राहिलो आणि घरोघरी एकेकीला उखाणा बसवून दिला. सासवा आम्हाला शहरातल्या रिकामटेकड्या पोरी म्हणत, पण अडवलं कोणीच नाही. मत कोणाला द्यायचं, हे विमलने सांगितलं नाही. आपण इतकं केलं म्हटल्यावर त्या आपल्यालाच देतील, असं ती धरून चालली होती.

मतदान गावच्या शाळेत होतं. तेव्हा प्रत्येक उमेदवाराचा डबा वेगळा असे. चिठ्ठी हव्या त्या डब्यात टाकायची. आम्ही बाहेर रांगेपाशी उभ्या होतो. त्यांतली एक मनकर्णा पहिली आत गेली. अधिकाऱ्याने नवऱ्याचं नाव विचारलं आणि खिडकीतून तिचा आवाज आला,

"वावरात पिकली तूर, बांधावर बोरी, नत्थुजीचं नाव घेतो, साहेब, चिठ्ठी द्या कोरी."

रांग हसली. हे चालतं की नाही, अधिकाऱ्याला कळेना. त्याने सत्ताधारी पक्षाच्या प्रतिनिधीला, खुशालरावांना, विचारलं. ते शांतपणे म्हणाले, "घेऊ द्या ना साहेब नाव. आमची काय बी हरकत नाही."

विमलच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. मनकर्णा बाहेर आली ती उड्या मारायचीच बाकी होती.

"ताई, नाव बी घेतलं अन् चिठ्ठी बी टाकली. मामाजीनं सांगतलेल्या डब्यात."

"सासऱ्यांनी कोणता सांगितला?"

"खुशालरावच्या पक्षाचा. घरोघरी तोच सांगतला हाये."

"आणि तुला कोणत्या डब्यात टाकायची होती?"

"मले कोनं इचारलं?" मनकर्णा म्हणाली. "तुमी बी नाही इचारलं."

रांग अजून निम्मी उरली होती. शालू नावाची कोवळी सून उखाणा विसरली होती आणि लाजून परत निघाली होती. मी विमलचा हात दाबला, जाऊ दे तिला म्हटलं. विमलने हात सोडवून घेतला. शालूला भिंतीच्या सावलीत नेलं, दोन्ही ओळी पाठ होईपर्यंत म्हणवून घेतल्या आणि पुन्हा रांगेत उभं केलं. संध्याकाळी केंद्र बंद होईपर्यंत ती तेच करत होती.

गोपाळकृष्ण वकील पडले; सगळ्यात जास्त हिवरखेडने पाडले. पक्षाच्या बैठकीत ते म्हणाले, बाईंनी काम चोख केलं, फक्त समोरच्यांचं केलं. तिकीट त्यांच्या भाच्याला, हेमचंद्रला, मिळालं. तो निवडून आला आणि पुढे पक्ष बदलून दोनदा नगराध्यक्ष झाला. वकिलांनी पुन्हा निवडणूक लढवली नाही. खुशालराव जिल्हा परिषदेत गेले आणि मधुमेहाने गेले. शालू नवऱ्याबरोबर बडनेऱ्याला रेल्वे क्वार्टरमध्ये राहायला गेली. पुढचं मला ठाऊक नाही. नत्थुजीची मनकर्णा ग्रामपंचायतीवर निवडून आली, सासऱ्याच्या मर्जीविरुद्ध. विमलने चिटणीसपद सोडलं, मूर्तिजापूरला शाळेत नोकरी धरली, लग्न केलं नाही. बासष्टच्या निवडणुकीत पक्षाने तिला बोलावलं नव्हतं. सुट्टी टाकून ती एकटीच हिवरखेडला गेली आणि घरोघरी सुनांना तुमचं मत काय म्हणून विचारत फिरली. सुना काय म्हणाल्या, ते तिने मला कधी सांगितलं नाही.