जा, आईला पाठव!

मित्रांनो, मी एक म्हातारी टर्बट आहे. तुमच्याकडच्या लेप माशाची लांबची नातलग, फक्त अंगाने परातीएवढी. लहानपणी माझे डोळे इतर माशांसारखेच दोन बाजूंना होते. मग एक डोळा सरकत सरकत दुसऱ्याच्या शेजारी आला आणि मी कायमची आडवी झाले. वरून मी वाळूच्या रंगाची, खालून पांढरी. त्या पांढऱ्या बाजूवर मात्र तीट लावावी तसा एक काळा डाग आहे.

तळाशी पडून राहणाऱ्याला कोण विचारतो? पण आमच्या किनाऱ्यावरच्या गेतारिया गावाच्या गल्ल्यांत आम्हाला निखाऱ्यांवर अख्खे भाजतात आणि माणसे आमची हाडेसुद्धा चोखतात. कौतुक फार होते, फक्त ते ऐकायला आम्ही नसतो.

तिथल्या होसेबा नावाच्या कोळ्याच्या जाळ्यात मी पहिल्यांदा सापडले, तेव्हा बशीएवढी होते. त्याने आणि त्याच्या लेकीने, इत्सियारने, माझा डाग पाहिला आणि दोघेही हसले. मग इथले कोळी प्रत्येक लहान मासळीला म्हणतात तेच तो म्हणाला, "जा, आईला पाठव!" आणि त्याने मला दूर समुद्रात भिरकावले.

वर्षे गेली. या वसंतात मी पुन्हा त्याच्याच जाळ्यात अडकले. पोट अंड्यांनी तटतटले होते. इत्सियारचे लग्न तोंडावर आले होते.

"हीच!" होसेबा ओरडला. "व्याही बोटं चाटत बसतील!"

इत्सियारने मला उलटे केले आणि डागावर बोट ठेवले.

"बाबा, हा डाग आठवतो? तुम्ही हिला 'जा, आईला पाठव' म्हणाला होतात."

"बरं, मग?"

"मग आली की ती! स्वतःच आई होऊन. पोट बघा हिचं."

"अगं, गावभर सांगून बसलोय मी! आता पाहुण्यांना काय वाढू, बांगडे?"

"बांगडे वाढा. हसतील तर मला हसतील."

"सासूचं तोंड वाकडं झालं, की माझ्याकडे रडत येऊ नकोस," तो पुटपुटला.

मित्रांनो, आम्हाला खाऊच नका, असे मी म्हणत नाही. पण लहानग्यांना वाढू द्या आणि अंडी घालायला निघालेलीला वाट द्या. तेवढ्यावर आमचा वंश टिकेल, आणि तुमचे ताटही.

होसेबाने या खेपेला मला भिरकावले नाही. दोन्ही हातांनी अलगद पाण्यात सोडले. तो नेहमीचे वाक्य म्हणेल, म्हणून मी क्षणभर थांबले. पण तो सासरी निघालेल्या लेकीकडे बघत राहिला.