नारळ सोडा, महाराज!

साहेब, त्या दिवशी तुम्ही खोलीत होतात. 'विटाळ' हा शब्द तुमच्या कानाजवळून गेला आणि तुम्ही चहात बिस्कीट बुडवत राहिलात. सरकारनं तुम्हाला साखर कारखान्यांवर नजर ठेवायला नेमलंय. तुम्ही ती बिस्किटावर ठेवलीत. तुमचं नाव घ्यायची गरज नाही, तुम्हाला ते ठाऊक आहे. पुढची हकिकत आहे ती बाकीच्यांसाठी.

गोदातीर साखर कारखान्याच्या आवारात त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. त्या हंगामापासून कुणाचा ऊस आधी तुटणार हे कॉम्प्युटर सांगणार होता, आणि ऐन हंगामाच्या तोंडावर कॉम्प्युटर मुका झाला होता. पण लोक भांडायला आले नव्हते. चमत्कार बघायला आले होते. विद्युतनाथ महाराज आले की कॉम्प्युटर बोलतो, गेले की मुका होतो, ही बातमी पार चारठाणा गावापर्यंत एसटीच्या आधी पोचली होती.

"कॉम्प्युटर म्हणजे काय?" महाराज खोलीच्या मधोमध पाटावर बसून विचारत होते. "'कं' म्हणजे ब्रह्म, 'प्यु' म्हणजे पुण्य, आणि 'टर' म्हणजे तरून जाणं! ही आपल्या ऋषींची विद्या. अमेरिकेनं चोरली."

"मंग ऋषींनी ऊसतोडीचं बी बघून ठिवायचं की," खिडकीतून आश्रुबा म्हणाला. आश्रुबाचा दोन एकर ऊस फडात उभा होता आणि तोंडात तंबाखू होती, त्यामुळं त्याला दोन्ही बाजूंनी बोलायचा हक्क होता.

चमत्कार घडला होता तो असा. टेबलावर कॉम्प्युटर, त्याच्याशेजारी माहिती साठवायची वेगळी लोखंडी पेटी, म्हणजे डिस्क, आणि दोघांना जोडणारी अंगठ्याएवढी जाड तार. खंडेनवमीला चेअरमन व्यंकटरावांनी महाराजांच्या हातून ह्या सगळ्याची पूजा केली. महाराजांनी ती तार म्हणजे यंत्राची मान ठरवली, तिला मंतरलेला गंडा बांधला, गंड्याला शेंडीसकट अख्खा नारळ लटकवला आणि वर भगवी शाल पांघरली. दुसऱ्या दिवसापासून यंत्र अडखळायला लागलं. महाराजांना बोलावलं. त्यांनी नारळ तळहातावर घेऊन मंत्र म्हटला आणि यंत्र चालू! महाराज जेवायला उठले आणि यंत्र बंद!

"पेटीला विटाळ झालाय," महाराजांनी निदान केलं आणि दैवशालाकडं बोट दाखवलं.

दैवशाला ही कारखान्याची ऑपरेटर. भीमनगरची पोर, औरंगाबादला राहून कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून आलेली. तिचे आई-बाप दरसाल दिवाळी झाली की कोयता घेऊन परमुलखात ऊस तोडायला निघायचे. ह्या साली लेकीच्या नोकरीवर पहिल्यांदाच घरी राहणार होते. व्यंकटरावांनी तिला त्याच दिवशी खोलीबाहेर काढलं. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्या म्हणणाऱ्या ठरावावर ह्याच व्यंकटरावांची सही होती. नाव द्यायला हरकत नव्हती. ते नाव घेणाऱ्यांच्या लेकीनं खुर्चीवर बसायला तेवढी होती. तिच्या खुर्चीसाठी महाराजांनी एक 'शुद्ध' माणूसही सुचवून ठेवला होता. त्यांचा पुतण्या.

दैवशाला उंबऱ्याबाहेर उभी होती. आज आपल्या नोकरीचा निकाल लागणार हे तिला ठाऊक होतं. कोयत्याची मूठ बापानं कालच नवीन बसवून घेतली होती.

"साहेब, जायच्या आधी कॉम्प्युटरला एक हुकूम टाइप करून द्यायचाय," ती व्यंकटरावांना म्हणाली.

"तू हात लावायचा न्हाई," व्यंकटराव म्हणाले.

"न्हाई लावत. दिनकरकाका लावतील. मी हितूनच सांगते."

व्यंकटरावांनी महाराजांकडं पाहिलं. महाराजांनी हसून मान डोलावली. त्यांना वाटलं, पोरगी हरली.

हेडक्लार्क दिनकरराव यंत्रापुढं बसले. दैवशाला एकेक अक्षर सांगायची आणि ते कोंबडीनं दाणा टिपावा तसं एका बोटानं टिपायचे.

"एस कुठाय गं?"

"ए च्या शेजारी, काका."

"आणि ए?"

आधी तिनं ऊसवाल्यांची नावं पेटीतून वाचायचं काम चालू करायला लावलं. ते अडखळत, खोकत चाललं. मग दुसरा हुकूम. पडद्यावर दोन आकडे आले.

"मोठ्यानं वाचा, काका."

"पहिला शून्य. दुसरा चारशे बारा."

"पहिला आकडा पेटीच्या पोटात झालेल्या चुकांचा," दैवशाला गर्दीकडं वळून म्हणाली. "दुसरा, पेटीतून निघून यंत्रापर्यंत येताना तारेत झालेल्या चुकांचा. आश्रुबामामा, फडात शंभर मोळ्या भरल्या आणि कारखान्याच्या गव्हाणीपाशी ऐंशी उतरल्या. तुमी फडाला शिव्या देता का?"

"फडाला कशाला? रस्त्यात सांडल्या आसतील."

"हितं बी रस्त्यातच सांडायल्यात. यंत्र माल मोजून घेतं. कमी आला की परत मागतं. मागून मागून दमतं आणि बंद पडतं. पेटी चांगली हाय. तिला कशाचाच विटाळ न्हाई."

"नास्तिकाची भाषा!" महाराज गरजले.

"महाराज, मी तुमचीच मदत मागायले. धरा नारळ."

महाराजांनी पाटावरून उठून ऐटीत नारळ तळहातावर उचलला आणि डोळे मिटले. नावं सरसर वाचली जायला लागली. दिनकररावांनी तोच हुकूम पुन्हा दिला. चारशे एकोणीस. पुन्हा दिला. चारशे एकोणीसच.

"जय हो!" गर्दी ओरडली.

"थांबा," दैवशाला म्हणाली. "नारळ सोडा, महाराज."

"नारळ असा सोडायचा नसतो."

"काल तर सोडून पुरणपोळीवर बसला होतात की!"

हशा झाला. "सोडा की महाराज," आश्रुबा म्हणाला, "का हंगामभर धरून बसता?"

महाराजांनी सोडला. नावं थांबली. दिनकरराव तोच हुकूम देत राहिले. चारशे अडतीस. चारशे पन्नास.

"धरा!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं. आकडा थांबला. "सोडा!" आकडा पळाला. दोन-चारदा झाल्यावर लोकांना गोडी लागली. सारं आवार एका सुरात 'धरा, सोडा' म्हणायला लागलं आणि सिद्धपुरुष पंप मारल्यासारखे वर-खाली व्हायला लागले. कपाळावरचं गंध घामानं नाकावर उतरलं.

"आता आश्रुबामामा धरतील," दैवशाला म्हणाली.

"ह्यानं आंघोळ तरी केलीय का?" महाराज किंचाळले.

"परवा केली हुती," म्हणत आश्रुबा आत आला आणि तंबाखू मळलेल्या हातानं त्यानं नारळ उचलला. मंत्र नाही, गंध नाही. आकडा जागच्या जागी.

"आरं, मी बी सिद्ध झालो की!"

मग दिनकररावांनी स्वतःच शाल ओढली. तारेचं टोक पेटीत घट्ट धरून ठेवायला दोन चिमटे असतात. गंडा ओवायला जागा व्हावी म्हणून महाराजांनी त्यातला एक उघडला होता, आणि नारळाच्या ओझ्यानं टोक तिरकं होऊन अर्धवट बाहेर आलं होतं. दिनकररावांनी गंडा कापला, टोक दाबलं, चिमटा लावला. नारळ आश्रुबाच्या हातात राहिला, महाराज भिंतीला टेकले, कुणीच कशाला हात लावला नाही, आणि नावं शेवटपर्यंत वाचून झाली. आकडा हलला नाही.

गंडा बांधताना महाराजांना काही कळलं नसेल, एवढी सूट देऊ. पण नारळ उचलला की पेटीवरचा दिवा लुकलुकतो आणि यंत्र चालतं, हे पहिल्याच दिवशी त्यांना दिसलं होतं. दुकान मांडलं ते त्यानंतर. बिघाडही त्यांचा, उताराही त्यांचाच.

लोकहो, कुणी म्हणालं माझ्या हातात सिद्धी आहे, तर तीच वस्तू दुसऱ्याच्या हातात देऊन बघा. कुणी म्हणालं अमक्याच्या हातानं बाटलं, तर तो हात लांब ठेवून बघा. मग मोजा. मोजायला पाप लागत नाही.

व्यंकटराव खाकरले. "झालं गेलं गोदावरीला मिळालं. ये दैवशाला, बस खुर्चीवर. नावं छापून काढ."

दैवशाला जागची हलली नाही.

"मला बाहेर काढलं ते समद्यांपुढं, कारण सांगून. आणि आत बोलावता ते बिनकारणाचं? मी बाहेर उभी होते, साहेब. पेटीला माझं बोट लागलं न्हाई, तरी चुका वाढतच होत्या. मंग विटाळ कशाचा होता? लोक हितंच हायेत. बोला."