मॅडमले दिलेला जवाब

कापूस बुडाला त्या साली आमच्या अरीबाची डॉक्टरकी थोड्या मार्कांनी हुकली. मग बी.एस्सी. झाल्यावर तिनं परदेशातल्या एम.एस्सी.साठी अर्ज भरला; तिथं पुढं डॉक्टरकीलेबी जाता येते म्हणे. कॉलेजच्या मॅडमची शिफारस तेवढी बाकी होती, अन् तीबी एकाच पोरीले मिळणार होती.

नात घरी नसताना अकोल्याहून एक बाई आली. चहा घेत तिनं विचारलं, "अरीबाच्या लग्नाचं काही ठरवलंय का?"

मले वाटलं, पोरासाठी मागणं घालाले आली. तोऱ्यात म्हटलं, "उशीर केला बाई तुमी. ईदनंतर निकाह हाय."

ठरलं कुठंच नव्हतं.

ती बाईच कॉलेजची मॅडम निघाली. लग्न होणारी पोरगी परदेशी काय जाते, असं समजून तिनं शिफारस दुसरीले दिली. अरीबाले कळलं तवा मुदत सरली होती. ती एवढंच म्हणाली, "दादी, कोणाशी लावला माझा निकाह?"