पडद्यामागचा डावा पाय

मी डावा पाय बोलतोय. दचकू नका, गुडघ्याखालचाच आहे, वरचा भाग माणसाचा. माझं पाऊल रबराचं आहे, पोटरी प्लास्टिकची आहे, पण राग विचाराल तर अस्सल आहे.

कृत्रिम हातपाय बनवणाऱ्या एका कार्यशाळेत माझा जन्म झाला. कारागिरानं माझ्या मालकाचा उजवा पाय समोर ठेवून माझी बोटं घडवली, अंगठ्याशेजारचं जरा लांब बोटसुद्धा तसंच. मालक सैनिक होता. सीमेवर सुरुंग फुटला आणि माझ्याआधीचा पाय, खरा, तिथंच राहिला. मागून येणारे दोघं त्यामुळे वाचले, असं लोक सांगतात. मालकाला विचारलं तर म्हणतो, "मी पुढे होतो, एवढंच."

सुरुवातीला आमचं बिलकूल पटलं नाही. मी त्याला फोड आणायचो, तो मला भिंतीवर फेकायचा. आमची दिलजमाई केली ती त्याच्या भाचीनं. घरात तिला सगळे लवंगी म्हणतात, कारण दिसायला एवढीशी आणि लागली की डोळ्यांत पाणी. ती मला कधी घाबरली नाही. एका दुपारी मी खाटेजवळ पडलो होतो, तेव्हा तिनं माझ्या पाचही नखांना गुलाबी रंग लावला.

"मामा, याला थंडी वाजते का?"

"त्यालाच विचार."

"तो कसला बोलतोय! तुझ्यासारखाच घुम्या आहे."

तिच्या आठव्या वाढदिवसाला इमारतीमागच्या मोकळ्या जागेत तीन पायांची शर्यत ठरली होती. जोडीतल्या एकाचा उजवा आणि दुसऱ्याचा डावा पाय रुमालानं एकत्र बांधायचा आणि पळत सुटायचं. शेजारचा एक पोरगा म्हणाला, "तुझ्या मामाला घेतलंस तर अडीच पायांची होईल." झालं! लवंगीनं तिथल्या तिथं जोडीदार ठरवून टाकला. मग रोज संध्याकाळी गच्चीवर सराव. तिचा उजवा पाय माझ्याशी बांधलेला, आणि ती ओरडतेय, "आधी बांधलेला, मग सुटा! मामा, बांधलेला आधी!" आम्ही पडायचो, उठायचो, पुन्हा पडायचो. मालकाला मोकळेपणानं हसताना मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. त्या दिवसांत मी कुणाचं व्यंग नव्हतो. मी खेळाडू होतो.

नेमका वाढदिवसाच्याच दिवशी वीरांचा सन्मान सोहळा निघाला. आयोजक घरी आला. "तीनला सुरू, चारला तुम्ही मोकळे. गाडी पाठवतो, साहेब." मालक नको म्हणत होता. बहीण म्हणाली, "जा रे दादा, पलटणीसाठी जा. फक्त पाचच्या आत ये." लवंगीनं बोट नाचवलं. "उशीर केलास तर कट्टी. कायमची."

रंगमंचामागच्या खोलीत आयोजकानं मालकाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि त्याचा चेहरा पडला.

"तुम्ही तर अगदी धडधाकट दिसता हो!"

"आहेच."

"तसं नव्हे, साहेब. लोकांना कळायला हवं ना, तुम्ही काय गमावलंत ते. फोटोतही दिसायला हवं. तेवढा पाय काढून बसाल का? विजार गुडघ्याशी दुमडून घेऊ. छान दिसेल."

छान दिसेल! मालकाचे स्नायू माझ्या खोबणीत दगडासारखे घट्ट झाले. आता हा एक ठेवून देतो, असं मला वाटलं, आणि ठेवून द्यायलाच हवी होती. पण पडद्याच्या फटीतून त्याला पहिल्या रांगेतली म्हातारी दिसली. पलटणीतल्या त्याच्या सोबत्याची आई. तिचा मुलगा परतलाच नव्हता. तिच्यासमोर तमाशा नको म्हणून त्यानं मुकाट्यानं माझे पट्टे सोडले.

एका कार्यकर्त्यानं मला मेलेला उंदीर उचलावा तसं दोन बोटांत धरलं. गुलाबी नखं पाहून तो फिदीफिदी हसला. मग गेल्या वर्षीच्या फलकाच्या कापडात गुंडाळून मला पडद्यामागे कोपऱ्यात टाकलं. त्या कापडावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'आम्ही तुम्हाला विसरणार नाही.'

चार वाजून गेले. प्रमुख पाहुण्यांचा पत्ता नव्हता. ते आले तेव्हा पाच होत आले होते, आणि आल्यावर बोलत सुटले. बलिदान, त्याग, रक्त. तोंडाची वाफ फुकटच असते. ज्याचं रक्त सांडलं होतं तो घड्याळाकडे बघत होता. उठून जाणार तरी कसा? त्याची चाल त्यांनी कापडात बांधून ठेवली होती.

शेवटी निवेदक गोड आवाजात म्हणाला, "आता आपले शूरवीर दोन शब्द बोलतील."

मालकानं ध्वनिक्षेपक ओढून घेतला. "माझे दोनच शब्द आहेत. पाय द्या."

आणि टाळ्या! होय, टाळ्या वाजवल्या लोकांनी. निवेदक म्हणाला, "पाहा, काय ही जिद्द!"

"जिद्द नाही. पाय. माझा पाय द्या. भाचीचा वाढदिवस आहे."

टाळ्या आणखी वाढल्या. तेव्हा पहिल्या रांगेतली म्हातारी काठी आपटत उठली. "अरे, टाळ्या काय पिटताय! त्याला घरी जायचंय. पोराचा पाय द्या आधी!"

कुणी हललं नाही. सगळे एकमेकांची तोंडं बघत राहिले. मग मालकच उठला. खुर्च्यांच्या पाठी धरत, एका पायावर उड्या मारत पडद्यापर्यंत आला आणि त्यानं मला त्या कापडातून सोडवलं. मंचाच्या कडेला, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, बसून त्यानं माझे पट्टे आवळले. "बघायचं होतं ना? बघा. असा घालतात." पायऱ्या उतरून तो म्हातारीजवळ थांबला. ती म्हणाली, "पळ." त्याचं सन्मानचिन्ह खुर्चीवरच राहिलं.

आम्ही पोचलो तेव्हा दिवे लागले होते. पोरं केक खाऊन घरी गेली होती. लवंगी एकटी पायरीवर बसली होती, गळ्यात शिट्टी आणि उजव्या पायाला रुमाल.

"कोण जिंकलं?" मालकानं विचारलं.

"कुणीच नाही. मी शिट्टी वाजवलीच नाही. सगळे चिडून गेले." तिचा आवाज फाटला. "तू खोटारडा आहेस, मामा!"

त्यानं सबब सांगितली नाही. फक्त शेजारी बसला आणि मला पुढे केलं. बराच वेळ ती माझ्या गुलाबी नखांकडे बघत राहिली. मग रुमाल बांधला, गाठ मुद्दाम घट्ट मारली आणि शिट्टी फुंकली. आम्ही भिंतीपर्यंत पळालो. शर्यतीत दुसरं कुणी नव्हतं, तरी ती म्हणाली, "ही धरायची नाही. पुढच्या वर्षी खरी."

आता माझ्या टाचेला चीर गेली आहे. नवा पाय तयार होतोय. तो आला की मी खाटेखाली जाईन. माझी तक्रार नाही. पण कालच सोहळ्याचं नवं निमंत्रण आलंय, तारीख तीच.

त्याला जरूर बोलवा, पण अख्खा बोलवा. त्याचं काय गेलं ते बघायची हौस असेल तर लढाया थांबवायचं बघा, विजार दुमडू नका. आणि त्याला पाचच्या आत सोडा. घरी एक पोरगी शिट्टी तोंडात धरून उभी असते.