इंदुताईंच्या टाचेखाली

मित्रांनो, मी एक जुना पेडल आहे, ट्रॅक्टरचा. तुम्ही लगेच क्लच म्हणाल, नाहीतर ब्रेक म्हणाल. ते सगळे पुढे मानाने बसतात. मी ड्रायव्हरच्या सीटच्या खाली, उजव्या अंगाला, टाचेजवळ असतो. मला बघायचं तर वाकावं लागतं आणि ट्रॅक्टरवर बसल्यावर वाकतं कोण? माझं पूर्ण नाव डिफरन्शियल लॉक. नाव भारदस्त आहे, पण आमच्या घरात सगळे मला नुसतं ‘लॉक’ म्हणतात.

माझी जागाच अशी की मला माणसांचे चेहरे फारसे दिसत नाहीत. मी माणसं पायांवरून ओळखतो. माझे मालक वामनरावांची टायरची चप्पल, त्यांच्या मुलाचे, सौरवचे, जाड तळाचे बूट आणि त्यांच्या पत्नी इंदुताईंची अनवाणी, भेगाळलेली टाच. पुढची सगळी गोष्ट त्या टाचेची आहे.

एका कारखान्यात लोखंड तापवून मला घडवलं. चिखलाचा पाय घसरू नये म्हणून अंगावर आडव्या रेघा उठवल्या. खाली एक स्प्रिंग जोडली. पाय काढला की मी आपोआप वर यावं, एवढंच तिचं काम. पण ती स्प्रिंग लक्षात ठेवा.

माझं काम काय, तेही सांगतो, कारण ते क्षणभर विसरल्याचा भोग आमच्या घराने भोगला आहे. तुमच्या शाळेची प्रभातफेरी चौकात वळते ना, तेव्हा रांगेतला आतला मुलगा जागच्या जागी पाय आपटतो आणि बाहेरच्याला पळावं लागतं. ट्रॅक्टरच्या मागच्या दोन मोठ्या चाकांचंही तसंच. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त वाट कापायची असते, म्हणून दोघांना आपापल्या चालीने फिरायची मोकळीक दिलेली असते. या मोकळिकीत एक खोट आहे. एक चाक चिखलात फसलं की तेच एकटं गरगर फिरत राहतं आणि कोरड्यावरचं दुसरं नुसतं उभं राहून मजा बघतं. अशा वेळी मला दाबायचं. मी दोन्ही चाकं एकमेकांना बांधून टाकतो. मग कोरड्यावरच्या चाकालाही जोर लावावा लागतो आणि ट्रॅक्टर बाहेर येतो.

मात्र बांधलेली चाकं वळू देत नाहीत. मी दाबलेला असताना तुम्ही स्टिअरिंग कितीही फिरवा, ट्रॅक्टर सरळच जायला बघतो. म्हणून मला दाबायचं ते फक्त चिखलात, सरळ जाताना, हळू. डांबरी रस्त्यावर नाही, वेगात नाही आणि वळणावर तर नाहीच नाही.

वामनराव हे नागपूरजवळच्या हुडकेश्वरच्या पलीकडच्या एका गावचे शेतकरी. त्यांची जमीन काळी. पाऊस पडला की ती अशी धरते की पाय निघतो आणि चप्पल तिथेच राहते. ट्रॅक्टर नवा होता तेव्हा वामनरावांनी एकदा चाक गरगर फिरत असतानाच मला दाबलं. आत लोखंडी दातांवर दात आपटले. तो आवाज ऐकून वामनराव घाबरले आणि मीही घाबरलो. तेव्हापासून ते शहाणे झाले. आधी चाक थांबू द्यायचे, मग मला दाबायचे, लहान गिअर टाकून अगदी हळू रेस द्यायचे. बाहेर आलं की पाय काढायचे आणि मी वर आलो की नाही हे चपलेने चाचपायचे. कधी मी अडकून राहिलोच, तर स्टिअरिंग थोडं इकडे, थोडं तिकडे हलवायचे. आतले दात मोकळे झाले की मी टुणकन वर यायचो.

ते दिवस चांगले होते. शेजारच्यांचे ट्रॅक्टर पांदणीत पोटापर्यंत रुतायचे. पांदण म्हणजे शेतातून सडकेला जाणारी कच्ची वाट. आमचा ट्रॅक्टर सोयाबीनची भरलेली ट्रॉली घेऊन त्याच पांदणीतून निघायचा आणि थेट नागपूरला कळमन्याच्या धान्यबाजारात जाऊन रांगेत उभा राहायचा. लोक म्हणायचे, इंजिन दमदार आहे. लोक म्हणायचे, वामनरावांचा हात चांगला आहे. माझं नाव कुणी काढत नसे. मला राग यायचा, खोटं कशाला बोलू?

मग वामनरावांच्या गुडघ्याने दगा दिला. ब्रेक दाबायला पाय पुढे करता यायचा, पण माझ्यासाठी टाच मागे घ्यावी लागते आणि तेवढा गुडघा वाकेना. तेव्हा इंदुताई आल्या.

इंदुताई नेहमी उजव्या मडगार्डवर बसून शेतात जात. मोठ्या चाकावरचं ते पत्र्याचं झाकण काही बसायची जागा नाही. पण आमच्याकडे निम्मं गाव तिथेच बसतं. त्यांचा पाय बरोबर माझ्यावर यायचा. चिखल आला की त्या चप्पल काढून हातात घेत.

“दाब वं,” वामनराव म्हणायचे.

टाच यायची. ट्रॅक्टर गुरगुरत बाहेर निघायचा.

“सोड वं.”

टाच उचलली जायची, पण पुरती नाही. मी वर येऊन तिला टेकलो, की इंदुताई म्हणायच्या, “आला वर.” त्यानंतरच वामनराव स्टिअरिंग फिरवायचे. त्या दोघांचं घरात दुसऱ्या कशावर एकमत झालेलं मी ऐकलं नाही. भाजीत तिखट किती, पंखा किती वेगात, सगळ्यावर वाद. पण माझ्या बाबतीत त्यांच्याकडून कधी चूक झाली नाही. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात सुखाचा काळ होता, हे आता कळतं.

याच सुमारास जवळच्या गावात एक बाई मडगार्डवरून घसरून चाकाखाली आली. इंदुताईंचा मुलगा सौरव तिच्या अंत्यविधीला जाऊन आला. घरी आल्यावर तो सरळ आईसमोर उभा राहिला.

“माय, उद्यापासून तू मडगार्डवर बसत नको जाऊ.”

“काहून? इतके वर्षं बसून राहिली न मी.”

“तीबी वर्षानुवर्षं बसतच होती. तुले काही झालं तं मी काय करू?”

त्याच्या आवाजात रडू होतं. मित्रांनो, सौरवचं बरोबर होतं. मडगार्डवर कुणीच बसू नये, हे मी त्या चाकाच्या शेजारी राहून सांगतो. पण इंदुताई उतरल्या आणि त्यांचं काम कुणाकडे गेलं, हे त्या घरात कुणी कुणाला विचारलं नाही.

वामनरावांनी आपल्या परीने तोड काढली. जाड तारेचा एक आकडा वाकवला आणि माझ्या शेजारच्या बोल्टला अडकवून ठेवला. चिखल आला की हातातल्या काठीने मला खाली रेटायचं आणि काठीनेच आकडा माझ्यावर चढवायचा. मी आपला दाबलेला. ताणलेला आकडा काठीने निघत नसे, म्हणून चिखल संपला की खाली उतरून तो काढायचा. मला ते मुळीच आवडलं नाही. माझ्या खालची स्प्रिंग काही शोभेला दिलेली नव्हती. पायाला लक्षात राहतं की आपण काहीतरी दाबून धरलं आहे. तारेला काय लक्षात राहणार?

दिवाळीच्या आधी परतीचा पाऊस येऊन गेला होता. शेतातच सोयाबीनची पोती ट्रॉलीत भरून वामनराव कळमन्याला निघाले. सौरवने आईला मोटरसायकलवरून सडकेपर्यंत आणून सोडलं, कारण रांगेत दिवस जाणार म्हणून तिने डबा केला होता आणि तो तिला स्वतःच द्यायचा होता. पांदण जिथे सडकेला मिळते तिथे डावीकडे वळावं लागतं. इंदुताई सडकेच्या पलीकडे, अगदी समोर, डबा घेऊन उभ्या होत्या.

पांदणीच्या तोंडाशीच उजवं चाक फसलं. वामनरावांनी चाक थांबवलं, काठीने मला रेटलं, आकडा चढवला. सगळं रीतीप्रमाणे झालं. ट्रॅक्टर हळूहळू वर आला, चाकांनी सडक धरली. समोर इंदुताई दिसल्या. वामनराव हसले असावेत, कारण त्यांचा पाय एकदम सैल पडला. खाली उतरून आकडा काढायचं राहून गेलं.

त्यांनी स्टिअरिंग डावीकडे फिरवलं. पुढची चाकं वळली, पण ट्रॅक्टर वळला नाही. टायर डांबरावर घासत, किरकिरत तो सरळ निघाला. मागून भरलेली ट्रॉली रेटत होती.

काय झालं ते सगळ्यांच्या आधी इंदुताईंना कळलं. दुसरं कुणी असतं तर मागे पळालं असतं. त्या दोन्ही हात वर करून पुढे आल्या.

“अजी, लॉक सोडा! लॉक सोडा!”

मी जिवाच्या आकांताने वर यायला धडपडत होतो. स्प्रिंग ताणली होती, तार हलत नव्हती. वामनरावांनी ब्रेकवर सगळं अंग टाकलं आणि ट्रॅक्टर थांबला. पण थांबण्याआधी पुढचं चाक इंदुताईंच्या उजव्या पायावरून गेलं होतं.

नागपूरच्या दवाखान्यात त्यांच्या पायाचा पुढचा भाग काढावा लागला. टाच तेवढी वाचली. सुनेने, रितिकाने, कापून काढलेली जोडवी रुमालात बांधून आणली. ती पुन्हा घालायला त्या पायाला बोट राहिलं नव्हतं. हे मला रितिकाच्या रडण्यातून कळलं, ती ट्रॅक्टरच्या आडोशाला येऊन रडत असे.

ट्रॅक्टर अंगणात उभा राहिला. गावचा मेकॅनिक धम्मानंद याने त्याच दिवशी सडकेवर आकडा सोडवून तो घरी आणला होता. वामनरावांनी बोलणं जवळजवळ सोडलं. ते ओट्यावर ट्रॅक्टरकडे पाठ करून बसत आणि जेवायला बोलावलं तरी लवकर उठत नसत. सौरव स्वतःला दोष देत होता. मीच मायला उतरवलं, नसतं उतरवलं तर ती तिथे उभीच नसती, असं तो रितिकाला पुन्हा पुन्हा सांगे. दोष द्यायला जवळचाच माणूस सापडला की छातीत खुपतं, म्हणून शेवटी घराने मलाच दोषी धरलं. मला कापून टाकायचं ठरलं.

धम्मानंद गॅसकटर घेऊन आला. मला कापलं की काय होईल ते मला ठाऊक होतं. पुढच्या पावसात ट्रॅक्टर पांदणीत रुतेल, मग कुणीतरी चाकाखाली दगड टाकायला हात घालील, कुणीतरी मागून धक्का देईल. त्या विचाराने मी स्वतःपेक्षा त्यांच्यासाठी जास्त घाबरलो. पण पेडलला तोंड कुठे असतं?

“थांब गा,” खाटेवरून इंदुताई म्हणाल्या. “मले तिथं ने, सौरव.”

सौरवने त्यांना उचलून आणलं आणि माझ्याजवळ स्टुलावर बसवलं. पट्टी बांधलेला पाय त्यांनी सरळ पसरला. बोल्टला तो तारेचा आकडा अजून लटकत होता. त्यांनी तो धरून धम्मानंदकडे केला.

“कापायचं तं हे काप.”

धम्मानंदने पकडीने तार तोडली. मग इंदुताई वाकल्या. माझ्या स्प्रिंगमध्ये वाळलेला चिखल बसला होता, तो त्यांनी बोटाने कोरून काढला. मित्रांनो, इतक्या वर्षांत मला पाय खूप लागले होते. हात लावणारं माणूस ते पहिलंच.

“बूट काढ,” त्या सौरवला म्हणाल्या. “जाड बुटातून कळत नाही, हा वर आला का नाही ते. आता तूच चालवशीन. नीट पाह्य.”

त्यांनी तळहाताने मला खाली दाबलं. दाखवून झालं तरी त्या हात काढेनात. त्यांच्या डोळ्यांतलं पाणी माझ्या रेघांवर पडत होतं. सौरव अनवाणी उभा राहिला. रितिकाने तोंडाला पदर लावला.

तेव्हा ओट्यावरून, पाठमोऱ्या वामनरावांचा आवाज आला. कितीतरी दिवसांनी आला, म्हणून तो घोगरा होता.

“सोड वं.”

इंदुताईंनी हात उचलला, पुरता नाही. मी वर आलो आणि त्यांच्या तळहाताला टेकलो.

“आला वर,” त्या म्हणाल्या.

वामनराव अजूनही ट्रॅक्टरवर बसत नाहीत. पुढे कधी बसतील असं मला वाटत नाही. इंदुताई कुबडी घेऊन अंगणापर्यंत येतात आणि सौरव निघाला की दाराशी उभ्या राहतात. सडकेपर्यंत जाऊ का, असं त्या विचारत नाहीत आणि कुणी त्यांना चला म्हणत नाही. सौरव पांदणीच्या तोंडाशी ट्रॅक्टर थांबवतो, खाली वाकतो, मला हाताने चाचपतो आणि मगच वळतो. मागचे लोक हॉर्न वाजवतात. तो वाजवू देतो.

मित्रांनो, तुमच्या घरी, मामाच्या गावी, कुठेतरी माझा भाऊबंद असेलच. त्याच्यावर पिशवी टेकवू नका, पाय ठेवून बसू नका, त्याला सुतळीने नाहीतर तारेने बांधू नका. चिखलातून निघाल्याचा आनंद मोठा असतो, हे मी जाणतो, आणि त्या आनंदातच विसर पडतो. तेव्हा चालवणाऱ्या मोठ्या माणसांना माझा एवढा निरोप द्या. वळायच्या आधी थांबा आणि मी वर आलो की नाही, एवढं वाकून बघा.