रेडिओवरचं नाव

“रेडिओ जरा बंद करता का?” मागच्या सीटवरून डेल म्हणाला. “बाबांचा डोळा लागतोय.”

अल्फॉन्सस लेतांगने, म्हणजे टॅक्सी स्टँडवरच्या सगळ्यांच्या फोन्सोने, हात पुढे केला आणि आवाज बारीक केला. बंद मात्र केला नाही. जहाजावरून उतरलेल्या गिऱ्हाइकाला त्याने आजवर कशालाच नाही म्हटलं नव्हतं. गाडी थांबव म्हटलं की थांबव, नारळ फोडून दे म्हटलं की दे, माकडं कुठायत असं विचारलं तर डॉमिनिका बेटावर माकडं नाहीत हेसुद्धा हसून सांग. पण आज मागच्या सीटवर खुद्द बिशप बसला असता तरी रेडिओ बंद झाला नसता.

दुपारच्या बातम्या संपल्या की निधनवार्ता लागतात. आज त्यांत सिप्रियन लारोंदचं नाव येणार होतं. पॉइंट मिशेल गावचे बेकरीवाले सिप्रियन. फोन्सोचे वडील. म्हणजे वडील असं गाव म्हणायचं. सिप्रियन स्वतः कधी म्हणाले नव्हते.

आता बाहेरच्यांना हे सांगूनही पटत नाही, पण बेटावर माणूस डॉक्टरने सांगितल्यावर मरत नाही, रेडिओने सांगितल्यावर मरतो. आधी त्याचं नाव, मग गावातलं टोपणनाव, मग बायको, मग थोरल्यापासून धाकट्यापर्यंत मुलं, मग नातवंडं, भाचरं, आणि सगळ्यात शेवटी स्नेहीसोबती. ज्याचं नाव जिथे वाचलं गेलं तीच त्याची जागा. चर्चमध्ये बसायचं तेही त्याच हिशेबाने, मुलं पहिल्या बाकावर. एका सुनेचं नाव राहिलं म्हणून सख्खे भाऊ जन्माचे वैरी झालेले गावाने पाहिले आहेत.

आपलं नाव मुलांत येईल अशी आशा फोन्सोने धरली नसती. पन्नाशी उलटलेल्या माणसाने असल्या आशा धरू नयेत. पण परवा व्हर्ना स्टँडवर आली होती. व्हर्ना म्हणजे सिप्रियनची लग्नाची लेक, दोन भावांच्या पाठची, टोरोंटोहून आलेली. ती गाडीच्या खिडकीशी वाकली आणि म्हणाली, “फोन्सो, तू पूर्ण नाव काय लावतोस रे? रेडिओला द्यायचंय.”

“अल्फॉन्सस सिप्रियन लेतांग,” तो म्हणाला. मधलं नाव जरा जास्तच मोठ्याने म्हटलं गेलं. ते त्याच्या आईने हट्टाने ठेवलं होतं, पाद्र्याशी भांडून. व्हर्नाने फोनमध्ये टिपून घेतलं, “बरं” म्हणाली आणि गेली.

त्या दिवशी फोन्सो गिऱ्हाईक न घेताच घरी गेला. डॉक्सीबाई, म्हणजे त्याची आई, पायरीवर बसून वाटाणे सोलत होती. तिने सगळं ऐकून घेतलं, वाटाण्यांचं भांडं बाजूला ठेवलं आणि पांढरा झगा इस्त्रीला काढला.

“अगं, अजून काही ठरलेलं नाही,” फोन्सो म्हणाला.

“नाव विचारायला पायपीट करत आली ना पोर? मग!” म्हातारी म्हणाली. “या गावाने आजवर माझ्या तोंडावर हसून घेतलंय. पहिल्या बाकावर बसते की नाही बघच. मरायच्या आधी एवढं बघायचं होतं मला.”

आणि आज सकाळी धक्क्यावर जहाज लागत होतं तेव्हा बुली नावाचा दुसरा टॅक्सीवाला ओरडलाच, “काय बेकरीचे युवराज! आज राज्याभिषेक म्हणे?”

“गप रे मेल्या.”

“गप कसला! नाव निघालं की आम्हाला पाव फुकट, सांगून ठेवतो!”

सगळे हसले, फोन्सोही हसला. गावात अशी थट्टा प्रेमाने करतात, पण करतात बरोबर दुखऱ्या जागीच.

तेवढ्यात हाल्डोर्सन मंडळी उतरली. मिनेसोटाची, एकजात निळ्या टीशर्टमधली. पुढे ‘हाल्डोर्सन परिवार’ आणि पाठीवर ज्याचं त्याचं नाव. ऑरिन आजोबा आणि आर्डिस आजी यांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून ही सगळी जत्रा. बरोबर मुलगा डेल आणि त्याची मुलगी टेस. आज दिवसभर बेट बघायचं, आधी ट्रफाल्गरचा धबधबा, मग दक्षिणेचा समुद्र, आणि संध्याकाळी परत जहाजावर. फोन्सोने हे हजारदा केलेलं.

धबधब्याशी आर्डिस आजींना पायऱ्या जमेनात. बाकीचे पुढे गेले. फोन्सोने हात दिला, मग दोघं वाटेतल्या बाकावर बसले. आजी बोलक्या होत्या. बोलता बोलता त्यांनी पिशवीतून आणखी एक निळा शर्ट काढला आणि मांडीवर पसरला. पाठीवर ‘ग्रेग’ लिहिलेलं.

“धाकटा माझा,” त्या म्हणाल्या. “येतो म्हणाला होता. बापाचं नि त्याचं पटत नाही. तरी मी छापून घेतला हो. खोलीत ठेवून यावंसं वाटेना, म्हणून रोज बरोबर घेऊन हिंडते. वेडेपणा आहे नुसता.”

“वेडेपणा कसला त्यात,” फोन्सो म्हणाला.

बाकीचे परत आले तेव्हा आजींनी फोन्सोकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. “तुम्हाला बरोबर होईल. घाला की! वाया कशाला जायचा? आजच्या दिवस तुम्ही हाल्डोर्सन.”

टेसने टाळ्या पिटल्या. ऑरिन आजोबांनी पाठीवरचं ते नाव बघून मान दुसरीकडे वळवली. फोन्सोने आपल्या शर्टावरून तो शर्ट चढवला. आडनाव इतक्या सहज मिळतं हे त्याला ठाऊक नव्हतं. तो हसला, सगळ्यांबरोबर फोटोला उभा राहिला आणि आतून मात्र त्याला रडू फुटायच्या बेतात होतं.

आणि आता गाडी दक्षिणेच्या रस्त्याला लागली होती, रेडिओ बारीक सुरू होता आणि पॉइंट मिशेल आलं. सिप्रियनच्या घरापुढे मांडव घालायचं काम चाललं होतं. बेकरीच्या दाराला काळं-जांभळं कापड बांधलेलं. लहानपणी आई त्याला इथे पाव आणायला पाठवायची. सिप्रियन मान वर न करता पाव पिशवीत भरायचे आणि एक जास्तीचा टाकायचे. बोलायचे काही नाहीत. पोराचे कान आणि बेकरीवाल्याचे कान एकाच साच्यातले, हे रांगेतल्या बायका बघायच्या आणि एकमेकींना कोपराने ढोसायच्या.

शेवटची दोन वर्षं सिप्रियनला रक्त शुद्ध करायला आठवड्यातून तीनदा दवाखान्यात न्यावं लागे. मुलं परदेशी. न्यायचं कोणी? फोन्सो नेत होता. एकदा नव्या नर्सने विचारलं, “हा मुलगा का तुमचा?” म्हातारा खिडकीबाहेर बघत राहिला. हो म्हणाला नाही, पण नाहीसुद्धा म्हणाला नाही. फोन्सोने तेवढंच गाठीला बांधलं होतं.

बातम्या संपल्या. निधनवार्तांआधीचे ऑर्गनचे सूर वाजले. फोन्सोने गाडी समुद्राकडेच्या बदामाच्या झाडाखाली घेतली आणि आवाज मोठा केला. समोरून येणारी बसही कडेला थांबली. मासे विकणारी बाई पाटी उतरवून उभी राहिली.

“काय झालं?” डेलने विचारलं.

“दोन मिनिटं हं,” फोन्सो म्हणाला.

“प्रार्थना आहे वाटतं,” आर्डिस आजी पुटपुटल्या आणि त्यांनी हात जोडले.

रेडिओवरची बाई सावकाश वाचत होती. पॉइंट मिशेलचे सिप्रियन लारोंद, ‘पावमास्तर’ या नावाने सर्वपरिचित, यांचं निधन. अंत्यविधी उद्या गावच्या चर्चमध्ये. मागे पत्नी फिलोमेना. मुलं तीन: लंडनचे लिओनार्ड, लंडनचे बर्ट्रांड आणि टोरोंटोच्या व्हर्ना.

मुलं तीन.

फोन्सो ऐकत राहिला. आपलं नाव चुकून पुढे ढकललं असेल. नातवंडं झाली, त्यातली निम्मी सिप्रियननी कधी बघितलेलीही नव्हती. भाचे झाले, पुतणे झाले, सुनेचे आईवडील झाले. बाई पान उलटत होती ते ऐकू येत होतं. मग म्हणाली, “तसेच स्नेही, त्यांत गावचे पाद्री, पतपेढीचे सभासद, दवाखान्यातल्या नर्सेस, आणि त्यांची मनोभावे ने-आण करणारे टॅक्सीचालक अल्फॉन्सस लेतांग. ज्यांची नावं अनवधानाने राहिली असतील त्यांनी कुटुंबाला क्षमा करावी.”

मधलं नाव गाळलं होतं.

“अय्या!” टेस ओरडली. तिचं लक्ष काचेजवळ लावलेल्या परवान्याकडे होतं. “अल्फॉन्सस लेतांग म्हणजे तुम्हीच ना? तुमचं नाव घेतलं रेडिओवर!”

“खरंच की काय?” डेल पुढे झुकला. “मोठे आहात हो तुम्ही इथले!”

“कोण गेलं?” आर्डिस आजींनी विचारलं.

“ओळखीचे होते,” फोन्सो म्हणाला. “पाव छान करायचे.”

आजींनी पुढे होऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. फोन्सोने गाडी सुरू केली. रस्ता नीट दिसेना म्हणून त्याने एकदा बाहीने डोळे पुसले आणि ऊन फार आहे म्हणाला.

समुद्रावर मंडळी पाण्यात उतरली. तिथे खडकांतून गरम बुडबुडे येतात, त्यांत पोरीला मजा वाटत होती. फोन्सो गाडीपाशी बसून होता. राग यावा असं त्याला फार वाटलं. पण कोणाचा करायचा? मेलेल्याचा करता येत नाही आणि जिवंतांनी तर नाव घेतलंच होतं. निळा शर्ट त्याने काढला, घडी केली आणि आजी पाण्यातून आल्यावर त्यांना परत दिला.

“ठेवा की हो,” आजी म्हणाल्या.

“नको. त्याचा आहे, त्यालाच द्या. आज ना उद्या येईल.”

आजींनी शर्ट छातीशी धरला.

परतताना पॉइंट मिशेलमध्ये व्हर्नाने हात करून गाडी थांबवली. डोळे रडून सुजलेले. “ऐकलंस ना रे? तुझं नाव घातलं मी. लिओनार्ड नको म्हणत होता, त्याच्याशी भांडले. म्हटलं, पप्पांसाठी इतकं केलं त्याने, चारचौघांत नाव घ्यायलाच हवं.”

तिला खरंच वाटत होतं की आपण चांगलं केलं. फोन्सोने तोंड उघडलं. “व्हर्ना, ते मधलं...”

“काय रे?”

“काही नाही. चांगलं केलंस. आईची काळजी घे.”

जहाजापाशी हाल्डोर्सन मंडळींनी त्याचे हात हातात घेतले. पुढच्या वर्षी पुन्हा येऊ म्हणाले. सगळेच म्हणतात. स्टँडवर बुलीने त्याला बघितलं आणि तोंडात आलेला शब्द गिळला. जवळ येऊन नुसतं म्हणाला, “चल, चहा घेऊ.” ते फोन्सोला थट्टेपेक्षा जड गेलं.

मग तो घरी आला. आई पायरीवर नव्हती. आत बसली होती, पांढरा झगा खुर्चीच्या पाठीवर टांगलेला, कडक इस्त्रीचा. रेडिओ फळीवर, बंद.

“आलास?” डॉक्सीबाई म्हणाली. “बघ ना, नेमकी बॅटरी संपली मेली. माझं ऐकायचं राहूनच गेलं. काय म्हणाले रे?”

फोन्सो टोपी हातात घेऊन उभा राहिला. आयुष्यात आईशी तो फारसं खोटं बोलला नव्हता. “आलं नाव,” तो म्हणाला. “व्हर्नाच्या पाठोपाठ. चौथं.”

“मधलं नाव घेतलं?”

“घेतलं. अगदी स्पष्ट.”

“देव पावला,” म्हातारी म्हणाली. तिने क्रूसाची खूण केली, उठली आणि त्याच्यासाठी माशाचं कालवण नि उकडलेली हिरवी केळी वाढली. समोर बसून तो जेवतो का ते बघत राहिली. त्याचा घास तोंडातच फिरत होता. तिने त्याच्या केसांवरून हात फिरवला, लहानपणी फिरवायची तसा.

“फोन्सो,” थोड्या वेळाने ती म्हणाली, “उद्या चर्चमध्ये आपण मागेच बसू हं. दाराशी. पुढे फार उकडतं बाई.”

त्याचा हात ताटलीतच थांबला. त्याने वर बघितलं. आई खिडकीबाहेर बघत होती. तिने सगळं ऐकलं होतं, पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत.

“बसू,” फोन्सो म्हणाला. “दाराशी वारा येतो.”